शहारे मॅडमचे चार ड्रम

पेट्रोलचा वास काही लोकांना आवडतो म्हणे. पंपावर गाडी उभी केली की काच खाली करून नाकपुड्या फुगवणारी माणसं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. अशा माणसांना आमच्या टोलीतल्या विहिरीच्या पाण्यात शिजवलेलं वरण एकदा वाढायला पाहिजे. पहिला घास तोंडात गेला की जिभेवर एक तेलकट पापुद्रा बसतो. तो चहानं जात नाही, लिंबानं जात नाही, आणि ढेकर आली की परत तोच.

आमची टोली, म्हणजे छोटी वस्ती, गोंदियाहून तिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. शहर संपलं असं म्हणता येत नाही आणि गाव लागलं असंही म्हणता येत नाही, अशी जागा. वरच्या अंगाला राइस मिल, तिची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. खालच्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. मधे पेट्रोल पंप. आणि सगळीकडे, म्हणजे भिंतीवर, खांबावर, शाळेच्या पायरीवर, खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पिचकाऱ्या. मी या टोलीत मास्तरकी करून आयुष्य काढलं आणि मला तिची किळस येते, हे आधीच सांगून टाकतो. उगाच गावाच्या मातीचं कौतुक माझ्याकडून होणार नाही.

या सगळ्या टोलीत माझ्यापेक्षाही जास्त किळस येणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आमच्या शेजारच्या शहारे मॅडम. फरक एवढाच की मला किळस आली की मी खिडकी लावून घेतो. मॅडम पायात चपला सरकवून बाहेर निघायच्या.

त्या गोंदियाच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. ठेंगणा बांधा, सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली, आणि बुडाखाली एक खडखडणारी लूना. नवरा रेल्वेत मालगाडीचा गार्ड. तो बिचारा घरी यायचा तो झोपायलाच, आणि बोलायचं काम बायकोवर सोपवून मोकळा झालेला. मॅडमना कोणी पाणी दिलं की त्या आधी ग्लास नाकाशी न्यायच्या. कोणाचं घर आहे, लग्न आहे की मयत आहे, काही पाहायच्या नाहीत. लग्नात तर जेवायला बसण्याआधी आचाऱ्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायच्या. आमच्या पुतणीच्या लग्नात त्या टाकीवरून तोंड वाकडं करत परत आल्या आणि मांडवात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, पाहुण्यांना कढी वाढा, पाणी वाढू नका." व्याह्यांनी तीन वर्षं ते ऐकवलं मला.

त्यांचं एक पालुपद होतं. कोणी म्हटलं की अमुक साफ केलं, की त्या लगेच विचारत, "मग घाण गेली कुठी?" कॉलेजचा शिपाई फरशी पुसून उभा राहिला की त्याला तेच. नगरपालिकेनं नाली उपसून गाळ काठावर ठेवला की तिथं गाडी थांबवून तेच. एकदा निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आला आणि मी राजकारण स्वच्छ करणार म्हणाला, तर त्यालाही तेच विचारलं. तो हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांना उत्तर पाहिजे होतं.

कॉलेजात एक तरुण प्राध्यापक होता, प्रयोगशाळेच्या बेसिनमधे खर्रा थुंकायचा. मॅडम त्याला एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत. एके दिवशी त्याला बोलावलं, बेसिनखालचं नळकांडं उघडायला लावलं आणि म्हणाल्या, हात घाला. त्यानं घातला. जे हाताला लागलं ते त्यानं बाहेर काढलं आणि पाहिलं. पोरगं ओकायचं राहिलं एवढंच. त्यानं खर्रा सोडला असं मी म्हणणार नाही, गोंदियात कोणी सोडत नाही, पण तो त्यानंतर रस्त्यावर जाऊन थुंकायचा. मॅडमच्या मते हेही काही खरं नव्हतं. घाण फक्त जागा बदलून राहिली, असं त्या म्हणाल्या.

तर ही बाई, आणि हा तिचा स्वभाव. आता विहिरीचं सांगतो.

पंपाला लागून भाऊलाल बिसेनचं घर. पवार जातीचा माणूस, चांगली शेती, अंगणात दगडी बांधकामाची विहीर. दोन हजार चार-पाचच्या सुमारास, उन्हाळ्यात, त्याच्या घरच्या वरणाला वास यायला लागला. आधी घरात भांडणं झाली, की राकेलचा हात कोणी पाण्याला लावला. मग भाऊकीवर संशय गेला. शेवटी भाऊलाल स्वतः मॅडमच्या फाटकाशी आला.

"मॅडम, जरा पाहून द्या ना बाप्पा. पानी वास मारून राह्यलं."

मॅडम गेल्या. मीही मागे गेलो. त्या विहिरीच्या काठावर त्या क्षणभर थांबल्या ते मला दिसलं. त्यांच्या सासऱ्यांना तरुणपणी या विहिरीच्या पायरीवरही चढू दिलं नव्हतं, ओंजळ धरून खाली उभं राहावं लागे. त्यांच्या लोकांसाठी मग बांध्यांच्या खाली सरकारी विहीर झाली. हे टोलीत सगळ्यांना माहीत होतं, भाऊलाललाही. मॅडमनी बादली वर ओढली, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "पेट्रोल आहे. पंपाची टाकी गळून राहिली."

पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरत होते. भाऊलालचा एक भाचा तर माचीस काढायला निघाला, पेटते का पाहू म्हणून. त्याला माझ्या हातून एक रट्टा मिळाला.

आता आमच्याकडे विहिरीत काही पडलं, कुत्रं म्हणा, मांजर म्हणा, कधी माणूसही, तर एकच रीत आहे. विहीर उपसायची. मोटर लावायची, तळ दिसला की माणसं उतरवायची, बादल्यांनी राहिलेलं काढायचं, ब्लिचिंग पावडर टाकायची, नारळ फोडायचा. दुसऱ्या दिवशी झरा भरला की विहीर धुतली गेली. मग कोणाच्या मनात काही राहत नाही. पेट्रोललाही टोलीनं कुत्र्याच्याच रांगेत बसवलं. भाऊलालनं मॅडमना विचारलं, उपसू ना? आणि मॅडम, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना घाण कुठी गेली म्हणून छळलं, त्या म्हणाल्या, "उपसा. पाणी खाली बांधीत सोडून द्या. मे महिना आहे, उन्हानं उडून जाईल."

पेट्रोल उडतं, हे खोटं नाही. म्हणून सगळ्यांना पटलं. सगळी टोली जमली. मोटर घरघरत राहिली. खालच्या वस्तीतल्या बिड्या वळणाऱ्या बायकाही मदतीला आल्या, त्यांत सुमनबाई मेश्राम सगळ्यांत पुढे, पदर खोचून बादल्या नेऊन राहिली होती. बांधी उन्हानं तडकलेली होती, हात जाईल एवढ्या भेगा. पाणी त्यात पडलं आणि दिसेनासं झालं. लोक म्हणाले, वा, पाहा कसं उडालं.

पाऊस आला, धानाची रोवणी आटोपली आणि सुमनबाई घागर घेऊन मॅडमच्या फाटकाशी उभी राहिली. सरकारी विहिरीचं पाणी होतं. तिनं नुसती घागर पुढे केली. मॅडमनी वाकून वास घेतला. मग कितीतरी वेळ त्या वाकलेल्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, चालताना मला दिसल्या. चिखलात साडी भिजलेली. भाऊलालच्या विहिरीपासून निघायच्या, उतारानं खाली सरकारी विहिरीपर्यंत यायच्या, परत वर जायच्या. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"सर, ते पाणी उडालं नाही. भेगांतून खाली गेलं. मीच पाठवलं."

मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक होतं, टाकी तर पंपाची गळली. त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी मास्तर असून मूर्खासारखा बोललो. पंपाची घाण पंपवाल्याची, म्हणाल्या, पण तिला वाट मी दाखवली. खालच्या वस्तीला एकच विहीर आहे. मी विचारलं, मग सुमनबाईला सांगणार का? तर म्हणाल्या, "सांगीन. आधी विहीर साफ करून देते, मग सांगते. नुसतं सांगून त्याईच्या घागरीत काय पडणार?"

तिथून पुढची सगळी वर्षं त्या एका गोष्टीच्या मागे होत्या. टोलीला वाटलं बाईला खूळ लागलं. मला कारण माहीत होतं, पण ते सांगायचं माझं नव्हतं.

पंपवाल्यानं टाकी बदलली. त्यासाठी आमदारापर्यंत जावं लागलं, तो उबग वेगळा. मोठ्या कंपनीचा एक साहेब आला, गॉगल लावून खड्ड्यापाशी उभा राहिला, फोटो काढले, आणि टाकी बदलली म्हणजे काम संपलं असं हिंदीत सांगून निघून गेला. जमिनीत गेलेल्याचं काय, असं मॅडमनी विचारलं तर म्हणाला, उसके लिए स्टडी होगी. म्हणजे कधी होगी, ते आपल्याला माहीतच आहे.

मग मॅडमनी स्वतःच्या अंगणात स्टडी मांडली. प्लास्टिकचे चार निळे ड्रम आणले, सरकारी विहिरीच्या पाण्यानं एकाच दिवशी भरले. पहिल्यात राइस मिलच्या तुसाचा कोळसा, धुऊन, कुटून, कपड्याच्या थैल्यांत भरून सोडला. दुसऱ्यात माशांच्या पेटीला लावतात तशी हवेची मोटर. तिसऱ्यात चिमूटभर युरिया, चिमूटभर डीएपी, थोडी हवा, आणि पंपामागच्या त्या गंधावलेल्या जागेतली मूठभर माती, कारण तिथले जंतू म्हणे पेट्रोल खायला शिकलेले असतात. चौथ्यात काहीच नाही. नुसतं पाणी, वर झाकण.

त्या अंगणाचा वास मी काय सांगू. दुसऱ्या ड्रममधून बुडबुडे यायचे आणि प्रत्येक बुडबुडा आमच्या भिंतीवरून येऊन आमच्या जेवणाच्या खोलीत फुटायचा. माझ्या बायकोनं भांडण केलं, की दोरीवरच्या साड्यांना पंपाचा वास येतो. मॅडमनी साडी हातात घेऊन वास घेतला आणि उलट खूश झाल्या. "पाहा, पाण्यातली घाण गेली कुठी? वहिनींच्या लुगड्यात." पाण्यातून हवेत हाकलणं म्हणजे साफ करणं नव्हे, हे त्यांनी माझ्या बायकोच्या साडीवर सिद्ध केलं आणि तसं वहीत लिहूनही टाकलं. त्या दिवशी आमच्या घरी स्वयंपाक झाला नाही.

पहिल्या ड्रमचं पाणी सगळ्यांत आधी निवळलं. आठवड्याभरात वास नाहीसा. लोक म्हणाले, झालं, सापडलं औषध, तूस तर इथं ढिगांनी पडलेलं आहे. मॅडमनी थैल्या बाहेर काढल्या आणि त्यातला कोळसा लोकांच्या नाकाशी धरला. सगळं पेट्रोल त्यात बसलेलं. आता हा कुठी फेकता, बोला. नालीत? बांधीत? चुलीत? त्या थैल्या त्यांनी फेकल्या नाहीतच, एका लोखंडी पेटीत बंद करून ठेवल्या. पुढं थैल्या वाढल्या तशा पेट्याही वाढल्या. गार्डसाहेबांच्या पलंगाखाली पेट्रोलचा कोळसा, आणि त्यावर तो बिचारा झोपलेला. मला विचाराल तर त्या घरातला खरा सोशीक माणूस तोच.

तिसरा ड्रम पाहवत नसे. वर एक करडा, बुळबुळीत थर आला, नाकातल्या शेंबडासारखा. मी झाकण उघडून पाहिलं आणि सरळ मोरीकडे पळालो. मॅडम मात्र त्या ड्रमवर जीव लावून होत्या. हे खातात, म्हणायच्या, बाकीचे नुसते इकडचं तिकडं करतात. जंतू जावयासारखे असतात, खायला घाला, हवेशीर जागा द्या, आणि घाई करू नका. पण फार युरिया टाकला तर तो युरियाच विहिरीत उतरेल, म्हणून मापात. दर महिन्याला बाटल्या भरायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, आणि गार्डसाहेब त्या आपल्या डब्यातून नागपूरला न्यायचे. तिथं मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी प्रयोगशाळेत होती, ती तपासून द्यायची. तिसऱ्या ड्रममधलं पेट्रोल हळूहळू खरोखर संपत होतं.

आणि चौथ्यामधलंही कमी होत होतं. कशानं? नमुने काढायला झाकण उघडायचं, तेवढ्यात थोडं उडायचं, थोडं जंतू आपणहून खायचे. तिसऱ्याच्या मानानं फार सावकाश, आणि घातक भाग तसाच राहिलेला. पण कमी झालं, हे खरं होतं.

दोनेक वर्षांनी मॅडमच्या तक्रारीवर एकदाची सुनावणी लागली. तहसीलच्या हॉलमधे. गॉगलवाला साहेब, पंपाचा शेठ, सरकारी माणसं, आणि मागे सतरंजीवर आमच्या टोलीतली बायामाणसं. मॅडम आपले चारही ड्रम कागदावर घेऊन आल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात भाऊलाल त्यांना म्हणाला, "मॅडम, तो चौथा ड्रम नोका सांगू. तीनच सांगा. कायले उगाच?" मलाही तेच वाटत होतं आणि मी तसं बोललो. साहेबाचा चेहरा पाहूनच समजत होतं की हा असल्याच एखाद्या भोकाची वाट पाहून राहिला आहे.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, एकदा न पाहता बोलले. आता पाहून गप्प राहू?"

आत जाऊन त्यांनी चारही ड्रम सांगितले. तिसरा उत्तम, असं ठासून सांगितलं. जमिनीत भोकं पाडून हवा द्या, मापानं खत द्या, वर्ष-दोन वर्षं लागतील, आणि तोवर खालच्या वस्तीला दुसरीकडून नळ द्या. चौथ्याचंही सांगितलं, आणि हेही सांगितलं की ड्रमचं झाकण उघडतं, जमिनीचं उघडत नाही, म्हणून चौथ्यावर विसंबू नका. साहेबानं तेवढं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं ऐकलं. उठून अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम ने खुद प्रयोग करके दिखाया है, कुछ न करो तो भी पानी अपने आप साफ होता है. हम मॅडम के आभारी हैं."

मॅडम उभ्या राहिल्या, बोलू लागल्या. वेळ संपली होती. साहेबानं त्यांच्याच कागदाची प्रत मागून घेतली. मी आयुष्यात पुष्कळ नीचपणा पाहिला आहे, बदल्यांमधला, परीक्षांमधला, पण हात जोडून केलेला असा नीचपणा पाहिला नव्हता. त्याच्या थोबाडावर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही, आणि आजही त्याची हळहळ वाटते.

ठरलं असं, की निसर्गावर सोडायचं आणि लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवायला जमिनीत चार-सहा पाइप ठोकले, त्यांना झाकणं, झाकणांना कुलुपं. विहिरीवर पाटी लागली की हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. बिड्या वळणाऱ्या बायका पाटी वाचून अर्धा कोस दूर शाळेच्या हातपंपावर जायला लागल्या, आणि पंपवाल्या शेठनं पाण्याच्या कॅन विकायला सुरुवात केली. हे मी मनचं सांगत नाही. ज्यानं पाणी नासवलं त्याच्याच टेम्पोतून टोलीत पाणी येऊ लागलं, वर त्याच्या फोटोचं स्टिकर. लोक ते विकत घेऊन त्यालाच नमस्कार करायचे. कॅनमधलं पाणी गोड होतं म्हणे.

मॅडमनी मग टायर पंक्चरवाल्याला गाठलं. त्याचा हवेचा कॉम्प्रेसर हातगाडीवर घालून सरकारी विहिरीवर आणला, नळी तळाशी सोडली, आणि खताचं मापानं पाणी. दर रविवारी. सुमनबाई नळी धरायची. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालायची आणि खाली ह्या दोघी बुडबुडे पाहत बसायच्या. त्या दिवसांत मी मॅडमना पहिल्यांदाच जरा हलक्या मनानं बोलताना ऐकलं. वर्षभर चाललं ते. नागपूरचे आकडे उतरत होते, थोडं राहिलं सर, म्हणायच्या, थोडं राहिलं. मला कळायचं त्या कशाची वाट पाहून राहिल्या आहेत. विहीर साफ झाली की सुमनबाईला सांगायचं होतं.

ते झालं नाही. सरकारी विहिरीत खाजगी माणूस खत टाकतो, अशी कोणीतरी तक्रार केली. कोणी, ते सांगायची गरज नाही, त्याचं स्टिकर अजून आमच्या खांबावर आहे. ग्रामपंचायतीनं विहिरीवर जाळी ठोकली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मुरूम आणि विटांचे तुकडे आणून विहीर बुजवून टाकली. मॅडम तेव्हा कॉलेजात होत्या. लूनावरून परत आल्या तेव्हा वर सपाट जमीन. सुमनबाई तिथंच बसलेली होती. मॅडम तिच्याशेजारी जाऊन बसल्या. मी लांबूनच परतलो, माझ्यानं जाववलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच जागेवर. त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आठवड्याभरात कायमच्या मुलीकडे भिलाईला निघणार होत्या. बुजवलेल्या विहिरीवर फरशी टाकून शुद्ध पाण्याचं मशीन बसवलं होतं, नाणं टाकलं की पाणी. जागा पंचायतीची, मशीन शेठनं दिलेलं, त्याचं उद्घाटन. पाणी कुठलं, तर शेजारीच नवी बोअर मारलेली. टोलीतली सर्वांत शिकलेली बाई म्हणून मॅडमना पाहुणी बोलावलं होतं. त्या येणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्या आल्या. शाल घेतली, नारळ घेतला. फीत कापायची कात्री मात्र सरपंचाच्या हातात परत दिली. फीत त्यानंच कापली, मशीन सुरू झालं, आणि मग पाहुणीला दोन शब्द बोलायची विनंती झाली.

"या जागेवर आमची विहीर होती," मॅडम म्हणाल्या. "पंपाच्या टाकीनं पाणी नासलं. पण ती घाण इथपर्यंत मी आणली. बिसेनभाऊंच्या विहिरीचं पाणी बांधीत सोडा, असं मी सांगितलं होतं. मला वाटलं उडून जाईल. ते इथं उतरलं. विहीर साफ करून देईन आणि मग सांगेन, असं ठरवलं होतं. जमलं नाही, म्हणून आज सांगते. आता तुम्ही तीच जमीन पुन्हा उपसून राहिले. मशीनमधे कोळसा आहे. तो भरला की बदलावा लागतो, नाही तर जे खाली आहे तेच तुमच्या ग्लासात येईल. तो कोण बदलणार, त्यानं आता हात वर करावा."

त्या थांबल्या. मंडपात पाहिलं. कोणाचा हात वर झाला नाही. मग पुढच्या खुर्च्यांवरच्यांना वाटलं भाषण संपलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आजवर ऐकलेल्या सगळ्यांत घाणेरड्या टाळ्या त्या. शेठ तर उभा राहून वाजवत होता. त्यानं माइक घेतला आणि म्हणाला, मॅडम का दिल बड़ा है, गलती मान लेना छोटी बात नहीं. आणि शेजारी बसलेल्या त्या गॉगलवाल्या साहेबाकडे वळून हसला.

मॅडमनी शाल खुर्चीवर ठेवली आणि स्टेजवरून खाली उतरल्या. पुढच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या नाहीत. चालत मागे आल्या, बायकांच्या सतरंजीपाशी, सुमनबाईसमोर येऊन उभ्या राहिल्या. मी बायकांच्या अगदी मागच्या, पुरुषांच्या ओळीत होतो, म्हणून मला ऐकू आलं. मॅडम काही म्हणायच्या आत सुमनबाईच म्हणाली, "बांधीपावतर बादल्या तं मीच नेल्या होत्या ना मॅडम," आणि सरकून तिनं जागा केली. मॅडम खाली बसल्या.

तेवढ्यात पंपावरची माणसं ट्रे घेऊन फिरायला लागली. नव्या मशीनचं थंडगार पाणी, काठोकाठ भरलेले ग्लास. पुढच्या खुर्च्यांवर सगळ्यांनी घेतलं, भाऊलालनंही घेतलं. मग दुसरा ट्रे बायकांकडे आला. सुमनबाईनं तो दोन्ही हातांनी धरला आणि ग्लास न उचलता मॅडमकडे दिला. मॅडमनी पलीकडच्या बाईकडे दिला. तिनं पुढच्या बाईकडे. नुसता ट्रे हातोहात सरकत होता. सगळ्या बायकांमधून फिरून तो माझ्यासमोर आला, तेव्हा त्यातला एकही ग्लास जागचा हलला नव्हता.